दहा मीटरच्या आत

“मॅडम, टिपके पुसायच्या आधी शेरा वाचत जा. आपल्याकडे एका प्लॉटवर दोन-दोन, तीन-तीन चुली असतात.”

गेडामकाका हे म्हणाले तेव्हा केतकी निखाडे एका हाताने डबा खात होती आणि दुसऱ्या हातातल्या फोनवर, घरच्या कॅमेऱ्यात, जुईचं पोट वर-खाली होतंय ना हे बघत होती. जुई तेव्हा सहा महिन्यांची. बाळंतपणाची रजा संपून केतकीला कामावर रुजू होऊन जेमतेम आठवडा झालेला. गेडामकाकांनी तीस वर्षं वैनापूरच्या गल्ल्यांमधून विजेचे मीटर वाचले होते आणि निवृत्तीनंतर शहराच्या उष्मा कक्षाने त्यांना घरमोजणीच्या पथकांवर नेमलं होतं.

“काका, मला चुली नकोत, घरं पाहिजेत,” ती हसत म्हणाली.

“मग काय मोजून राहिल्या तुमी? भिंती?”

“तुमच्या पथकांनी एकेक घर दोनदा टिपलंय. ते निस्तरतेय मी.”

“काही टिपलं असन दोनदा. सारंच नाही. मले पंधरा दिवस द्या, मी शेरे वाचून खुणा करून देतो.”

पंधरा दिवस कुठले? शुक्रवारी नकाशा वर चढवायचा होता.

केतकीचं काम डेटाचं आणि नकाशांचं. मोजणीवाला फोन घेऊन दारोदार फिरतो, दारासमोर उभा राहून बटण दाबतो आणि नकाशावर त्या जागी टिपका उमटतो. पण पत्र्यांच्या बोळात उपग्रहाकडून येणारी जागा पाच-सात मीटर इकडेतिकडे सरकते. शिवाय बटण लागलं की नाही या शंकेने माणूस ते पुन्हा दाबतो. मग एकाच घराचे दोन टिपके होतात. ते निवडून काढणं म्हणजे तांदळातले खडे काढण्याइतकं रोजचं काम, फक्त ते हाताने कोणी करत नाही. नियम लिहून मशीनला द्यायचा. केतकीने लिहिला: दहा मीटरच्या आत दोन टिपके असतील, वीजग्राहक क्रमांक एकच असेल आणि आडनावही एकच असेल, तर पहिला ठेवा, दुसरा पुसा.

मशीनला चार सेकंद लागले. अकरा हजार चारशे बारा टिपके गेले. दोन लाख चाळीस हजारांत पाच टक्केसुद्धा नाहीत, म्हणजे नेहमीचंच, असं तिने मनाशी म्हटलं आणि फोनकडे बघितलं. जुई उठून रडत होती.

त्या नकाशावर पुढे जे उभं राहिलं ते मात्र खरंच नवलाचं होतं. घरोघरी बसलेले नवे मीटर दर अर्ध्या मिनिटाला आपला आकडा पाठवत. फ्रिज त्याच्या लयीत चालू-बंद होतो, घरात माणूस असो वा नसो. पण पंखा तीनवरून चारवर जातो, मिक्सर चाळीस सेकंद फिरतो, न्हाणीघरातला दिवा लागून तीन मिनिटांनी विझतो, तेव्हा त्यामागे कुणाचा तरी हात असतो. चाळीस हजार घरांचे दोन वर्षांचे आकडे चाळून मशीन तो हात ओळखायला शिकलं. जोडीला उपग्रहाची उष्णताचित्रं होतीच. संध्याकाळी खिडक्या उघडल्या की भिंती वेगळ्या गतीने निवतात, बंद घराच्या तशा निवत नाहीत. या सगळ्यातून प्रत्येक टिपक्याला एक वस्ती-अंक मिळे. माणूस असेल तर टिपका हिरवा, नसेल तर करडा. सलग तीन दिवस करडा राहिला की घर बंद समजायचं. आणि उन्हाळ्यात गारवा गाड्या, म्हणजे बर्फाची जाकिटं, सलाईन आणि एक नर्स घेऊन फिरणाऱ्या बावीस गाड्या, फक्त हिरव्या टिपक्यांकडे जात. आधी म्हातारी माणसं, मग आजारी, मग लहान मुलं.

पहिल्याच उन्हाळ्यात उष्माघाताचे मृत्यू तिसऱ्या हिश्शावर आले. कक्षप्रमुख देशकर सरांनी पेढे वाटले. पुढच्या फेब्रुवारीत नकाशा लोकांच्या फोनवर आला. सगळा नाही, ज्याला त्याला आपल्या नोंदलेल्या नातेवाइकांचे आणि शेजारच्या चार घरांचे टिपके दिसत. नागपूरच्या मुलीला वैनापूरची आई आहे की नाही ते बसल्या जागी कळू लागलं. सकाळचे फोन कमी झाले. “तुझा टिपका पाहिला गं, हिरवा होता, म्हणून केला नाही फोन,” असं लोक आईलाच सांगू लागले. केतकीही त्यातलीच. ऑफिसात दर वीस मिनिटांनी ती स्वतःच्या घराचा टिपका बघे. तो हिरवा आहे म्हणजे सुभद्रामावशी घरात आहेत आणि जुई त्यांच्या मांडीवर आहे.

सुभद्रा हेडाऊ. वय सहासष्ट, नवरा जाऊन वीस वर्षं. जुई सहा महिन्यांची असल्यापासून त्याच तिला सांभाळत. ‘आई’च्या आधी जुई ‘मासी’ म्हणाली, तेव्हा केतकी दोन दिवस रुसली होती. स्वतःवर की मावशींवर, ते तिलाही कळलं नव्हतं.

दुसऱ्या वर्षीच्या मेमध्ये हवा बदलली. वैनापूरचा उन्हाळा म्हणजे कोरडी भट्टी, हे सगळ्यांना पिढ्यानपिढ्या ठाऊक. पण आता मेच्या मध्यालाच समुद्राकडून ओलसर हवा येऊन बसायची आणि पारा चव्वेचाळीसच्या खाली उतरायचा नाही. उष्मा कक्षात म्हणून दोन पारे बघत. थर्मामीटरच्या टोकाला ओलं फडकं गुंडाळायचं आणि वारा घालायचा. फडकं सुकताना पारा उतरतो, जसं घाम सुकताना अंग निवतं. हवाच ओली असली तर फडकं सुकत नाही आणि घामही. हा ओला पारा एकतीस-बत्तीसच्या पुढे गेला की सावलीत, पंख्याखाली, नुसतं पडून राहिलेलं म्हातारं शरीर आतल्या आत तापत जातं. पंखा तेव्हा गरम हवाच अंगावर ढकलतो.

शनिवारी ओला पारा तीसवर होता. संध्याकाळी मावशी निघताना केतकी दाराशी आली.

“मावशी, सोमवारपासून येऊ नका. हे उतरेपर्यंत मी घरूनच काम करते.”

“अन् पोरीले कोण पाहीन?”

“मी आहे ना. तुम्ही आराम करा. उन्हात कशाला तडफडत येता?”

“घरी काय करू जी मी? इथं एसी तरी आहे तुमचा.” मावशी हसल्या आणि हसताना खोकल्या.

तो खोकला केतकी तीन दिवस मोजत होती. कोरडा आहे, ओला आहे, जुईच्या तोंडावर तर खोकत नाहीत ना. “नाही, खरंच नका येऊ,” ती म्हणाली. उन्हाचं कारण खोटं नव्हतं. पण ते एकच कारण नव्हतं.

पुढचे पाच दिवस केतकीने दोनच गोष्टी केल्या. मांडीवर लॅपटॉप घेऊन काम केलं आणि जुईची लंगोटं मोजली. दिवसाला सहा ओली झाली तर पाणी पुरतंय, पाच झाली तर ओआरएस. कपाळाला हात, मानेला हात, झोपेत छातीवर हात. बुधवारी ओला पारा बत्तीसवर गेला. गुरुवारी चहा पिताना तिला एकदम आठवण झाली.

“प्रफुल्ल, मावशींचा फोन सोमवारपासून बंद लागतोय.”

“त्यांचा फोन कधी चालू असतो?” तिचा नवरा म्हणाला. “पिशवीत तळाशी ठेवतात, चार्ज करायचं विसरतात. गेल्या असतील कुठे. तुझ्याच नकाशात बघ ना.”

तिने बघितलं. जुन्या बुधवार पेठेत हेडाऊंचा प्लॉट. टिपका करडा. आजच नाही, सहा दिवसांपासून करडा.

“घर बंद दाखवतंय. ब्रह्मपुरीला बहिणीकडे गेल्या वाटतं.”

“बघ. सुटल्या बिचाऱ्या,” प्रफुल्ल म्हणाला.

केतकीलाही बरं वाटलं. तिने जुईला सांगितलं, “मासी गावाला गेली.” जुईने दाराकडे बोट केलं. तिने ते बोट खाली घेतलं आणि त्यात बिस्किट दिलं.

शुक्रवारी सकाळी आठवड्याचा अहवाल करताना तिचा हात थांबला. शहराचे बत्तीस प्रभाग, प्रत्येकातून टिपक्यागणिक नोंदल्या गेलेल्या मदतीच्या हाका. नव्या वसाहतीतून चाळीस, पन्नास, साठ. जुन्या बुधवारातून तीन. दाटी तीच, पत्रे जास्त, म्हातारी माणसं जास्त, आणि हाका तीन. नकाशाचं काम करणाऱ्याला मोठा आकडा घाबरवत नाही. जिथे काहीतरी असायला हवं तिथे काही नाही, ते घाबरवतं. तिने मागच्या वर्षीचे मृत्यू उघडले. त्याही यादीत जुनं बुधवार कोरं होतं. मग तिने बाद केलेल्या नोंदी उघडल्या. पालिकेच्या दवाखान्यातून आलेले एकाहत्तर मृत्यू मशीनने मोजलेच नव्हते. कारणाच्या रकान्यात एकच वाक्य होतं: पत्त्यावर वस्ती नाही.

पेढे, तिच्या मनात आलं. आपण पेढे खाल्ले होते.

तिने पुसलेल्या टिपक्यांचा थर वर आणला. करड्या-हिरव्या शहरावर लाल पुरळ उठावं तसे ते उमटले आणि सगळ्यात दाट जुन्या बुधवारातच. मग शेऱ्याचा रकाना. गेडामकाकांच्या माणसांनी उन्हात उभं राहून बोटाने लिहिलेलं, अशुद्ध, तुटक. ‘मागे खोली, सासू वेगळी करून खाते.’ ‘वाटण्या झाल्या, म्हातारा पडवीत, स्टो स्वताचा.’ ‘भावाभावांचं पटत नाही, मीटर एक, दारं दोन.’ वाटणी झाली की चूल वेगळी होते, पण प्लॉट तोच राहतो, आडनाव तेच, आणि पुढच्या घराच्या मीटरवरून ओढलेली एक वायर. त्या वायरवरचा एक पंखा आणि एक दिवा मशीनला दिसतच नव्हता. पुढच्या फ्रिजच्या घरघरीत तो बुडून जात होता. पुढचं कुटुंब कुलूप लावून परगावी गेलं की अख्खा प्लॉट करडा.

तिने हेडाऊ शोधलं. ‘दीर पुढे. मागे विधवा भावजय, एकटी, चूल वेगळी. गल्लीतून दार.’

केतकीने गेडामकाकांना फोन लावला.

“काका, जुनं बुधवार, हेडाऊंचा प्लॉट. मागच्या खोलीचं दार...”

“पुढून जाऊ नका, भिंत आहे. दत्ताच्या देवळाच्या बोळीतून आत. तिसरं दार, निळं. आतून कडी हाये त्याले, ढकललं तर निघते. निघा तुमी, मी अँबुलन्सले सांगतो.”

एवढं सांगून काकांनी फोन ठेवला.

जुईला प्रफुल्लकडे देऊन ती स्कूटरवर निघाली. साडेबारा वाजले होते. हवा अंगाला चिकटत होती, उकळत्या भांड्यावरचं झाकण काढावं तशी. बोळीच्या तोंडाशी शेजारची बाई ओल्या पदराने मान पुसत उभी होती.

“कोणाकडे?”

“हेडाऊ मावशी. मागच्या.”

“त्याईच्या घरी कोणी नाही. पुण्याले गेले सारे, पोराकडे.”

“मावशीही?”

“गेल्या असतीन ना. ॲपवर बंद दाखवते ना जी.” बाईने फोन पुढे केला, पुरावा म्हणून. “एरवी मी रोज आवाज देत होती त्याईले. आता पाहून घेतो फोनवरच. बंद दिसलं तं कशाले आवाज द्या?”

केतकीने निळं दार वाजवलं. काही नाही. पुन्हा वाजवलं. पत्रा इतका तापला होता की बोटं भाजली. “मावशी!” काही नाही. आतून पंख्याचाही आवाज नव्हता. खरंच गेल्या असतील, असा एक हलका, गोड विचार तिच्या मनात आला. तिने पाठ फिरवली. चार पावलं गेली. पाचव्या पावलाला आतून स्टीलचा पेला फरशीवर पडल्याचा आवाज आला.

कडी ढकलून ती आत गेली. मावशी खाट आणि दार यांच्या बरोबर मध्ये जमिनीवर होत्या. दार वाजल्यावर उठल्या असाव्यात, तेवढंच जमलं होतं. अंग तापलेलं, कातडी कोरडी, ओठांना पांढरी साय. डोळे उघडे होते पण केतकीवर ठरत नव्हते.

“कोण, शांता?” त्या पुटपुटल्या. शांता म्हणजे ब्रह्मपुरीची बहीण.

“मी केतकी. जुईची आई.”

“पोरीले उन्हात आणलं का जी?”

“नाही मावशी. घरी आहे ती.”

“बरं केलं,” मावशी म्हणाल्या. त्यानंतर त्या काही बोलल्या नाहीत.

दवाखान्यात बर्फ लावला, सलाईन लावलं. चार दिवस आत तापत राहिलेलं शरीर बाहेरून थंड करता येतं, पण किडनी आणि मेंदू तोवर शिजल्यासारखे झालेले असतात, असं तरुण डॉक्टरने खाली बघत सांगितलं. शनिवारी दुपारी दोनच्या सुमारास सुभद्रामावशी गेल्या. केतकी तेव्हा खुर्चीत बसून फोनवर प्रफुल्लला विचारत होती, “किती ओली झाली आज?”

तिथून ती तशीच कक्षात गेली. देशकर सर वाईट माणूस नव्हते. त्यांनी तिला पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं, शेऱ्यांची दोन पानं स्वतः वाचली.

“टिपके परत चढवा,” ते म्हणाले. “मशीनला नव्याने शिकवायला चार दिवस. तोवर गाड्यांना यादी द्या.”

“सर, गाड्या बावीस. एका गाडीची दिवसाला चाळीस घरं होतात. अकरा हजार दारांना तेरा दिवस लागतात. ओला पारा बत्तीसच्या वर आणखी चार दिवस आहे.”

“मग?”

“लोकांना सांगायचं. आजच. इशाऱ्याच्या खिडकीतून, सगळ्यांच्या फोनवर.”

“काय सांगणार? नकाशा चुकलाय म्हणून?” सर उठून खिडकीपाशी गेले. “केतकी, उद्या लोक म्हणतील हिरवा टिपकाही खोटा. गाडीला दार उघडणार नाहीत. ज्या माणसांना आपण आज वाचवतोय तीही जातील. हा हिशेब केलास तू?”

तिने केला होता. दवाखान्याच्या खुर्चीत तिने तेवढंच केलं होतं. सरांचं म्हणणं चूक आहे असं तिला ठामपणे म्हणता येत नव्हतं, हेच सगळ्यात वाईट होतं.

“केला, सर. पण हिरव्या टिपक्यांची दारं वाजवायला आपण आहोत. यांची वाजवायला शेजारच आहे फक्त. आणि शेजाऱ्यांना आपणच सांगितलंय, घर बंद आहे म्हणून.”

“मी सही करणार नाही.”

“सही लागत नाही. इशारा टाकायचा अधिकार माझ्याकडे आहे.”

“आणि उद्यापासून?”

“उद्यापासून नसेल,” ती म्हणाली.

सरांनी तिच्याकडे बघितलं. मग टेबलावरचा चष्मा उचलून ते खोलीबाहेर गेले आणि दार लोटून घेतलं. तिला अडवलं नाही, थांबलेही नाहीत.

इशाऱ्याची खिडकी उघडली. तिच्यात नेहमीचं वाक्य तयार असायचं: दुपारी बाहेर पडू नका, भरपूर पाणी प्या. ते तिने पुसलं. बोटं अजून भाजलेली होती. टंकताना दुखत होती. प्रफुल्लचा फोन वाजत राहिला. तो तिने उचलला नाही, जुई झाल्यापासून पहिल्यांदाच. आणि लिहिलं:

‘मी केतकी निखाडे. तुम्ही फोनवर जो नकाशा बघता तो मी बनवते. त्यात चूक आहे आणि ती माझी आहे. अकरा हजार चारशे बारा खोल्या मी त्यातून पुसल्या. त्यांच्यात माणसं राहतात. त्यातल्या एक बाई आज दुपारी गेल्या. त्या माझ्या मुलीला सांभाळत होत्या आणि त्यांचं घर बंद आहे असं मीही नकाशात बघूनच मानलं होतं.

‘ज्या घराचा टिपका करडा आहे, पुढे कुलूप आहे, त्या घराच्या मागे जा. वाटणी झालेली काकू, वेगळी राहणारी सासू, पडवीतला म्हातारा भाऊ. तुम्हाला माहीत आहे कोण. नाव आठवत नसलं तरी चेहरा आठवेल. सोबत पाणी आणि ओलं फडकं घ्या. दार वाजवा. आतून उत्तर आलं नाही तर परत फिरू नका. मी फिरले होते. तिथेच उभं राहून शंभरपर्यंत मोजा, सावकाश. तापलेल्या माणसाला खाटेवरून उठून दारापर्यंत यायला तेवढा वेळ लागतो. मग पुन्हा वाजवा. तरीही कोणी आलं नाही, तर दार ढकला.

‘आत्ता जा. हे वाचून होईपर्यंत जो चेहरा तुमच्या डोळ्यांसमोर आला असेल, त्याच्याकडे आधी.’